टेबलावरचा डोंगर

"कुठला गं हा डोंगर? चढायला वाट आहे ना?" फोटोग्राफी शिकवणाऱ्या केळुसकर सरांनी माझा फोटो भिंतीवरून काढून खिडकीशी नेला. "वर्षभर सपाट डोंगर दाखवलेस. यात पहिल्यांदा खोली दिसली. धुकं बघा रे! रविवारी अख्ख्या वर्गाला घेऊन जाऊ तिथे."

कौतुक झालं म्हणून हसू की खरं सांगून टाकू? मागच्या बाकांवर तर डब्यात कोण काय आणणार, हेही ठरायला लागलं होतं.

शेवटी मी पिशवीतून वीतभर दगड काढून टेबलावर ठेवला. "सर, तो हा. स्टुडिओत राखाडी कापडावर ठेवून एका बाजूने दिवा लावला. धुकं म्हणजे उदबत्तीचा धूर."

सरांनी दगड फिरवून फोटोशी ताडून पाहिला. "म्हणजे हे स्टिल लाइफ, मांडून ठेवलेल्या वस्तूचा फोटो! मग लँडस्केपच्या भिंतीवर कशाला लावलंस?"

"तेच मला कळत नाहीये, सर. आमच्या घरामागचा डोंगर अस्साच दिसायचा. ही सोंड, ही घळ. दिवाळीत फोटो काढायला गेले, तर तिथे नुसता खड्डा. कडेला हा तुकडा पडला होता. तुम्हीच सांगा, कुठल्या भिंतीवर लावू?"

सरांनी दगड अलगद खाली ठेवला. "आणि बाकीचा डोंगर?"

"खडी झाली त्याची. नव्या हायवेला गेली. परत येताना आमची एसटी त्याच्यावरूनच आली, सर."