कपाटातला गवई

अण्णांची टायपिस्टची नोकरी संपली, तशी जन्मभराची गाण्याची हौस उफाळून आली. कपड्यांच्या कपाटात रजया लटकवून त्यांनी घरातच स्टुडिओ थाटला. रोज सकाळी अकराला ते आत शिरायचे आणि कराओकेवर एक गाणं रेकॉर्ड करूनच घामाघूम बाहेर यायचे. तेवढा वेळ बायको पंखा बंद ठेवायची, मिक्सर लावायची नाही, बेल वाजू नये म्हणून दारातच उभी राहायची. मग अख्खं गाणं ऐकून म्हणायची, "छान झालंय हो." असं करता करता तीन वर्षांत हजारभर गाणी साठली.

परवा कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. "काका, दोन्ही कान निम्मेच चालतायत. कधीपासून?"

अण्णांना तर हे आजच कळत होतं. त्यांनी यंत्रं बसवून घेतली आणि घरी येऊन, चपलाही न काढता, स्वतःचं सगळ्यात लाडकं गाणं लावलं.

पहिल्याच ओळीला ते दचकले. सूर एकीकडे, ताल दुसरीकडे आणि अण्णा भलतीकडेच. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. सातव्याला मात्र त्यांनी मोबाइल उपडा ठेवला आणि डोक्याला हात लावून बसले.

बायको हात पुसत बाहेर आली. "काय हो, येतंय ना आता नीट ऐकू?"

 

"येतंय ना," अण्णा म्हणाले. "तुझं माझ्यावर किती प्रेम आहे, ते आज पहिल्यांदा ऐकू आलं."