पक्कं कुलूप

बायकोच्या माहेरचा डिंकाचा लाडू हेरंबने पेपरवेट म्हणून वापरला, तेव्हापासून केतकीने अबोला धरला. आणि दोघांच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कोडसाठी सर्व्हरवर त्यानेच हौसेने नियम घातले होते: एकाचा बदल दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय आत जाणार नाही, आणि झालेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही.

गिऱ्हाईक फोनवर खोळंबलं होतं. हेरंबने कोडमधली दुरुस्ती मंजुरीसाठी पाठवली. समोरच्या टेबलावर, मान वर न करता, केतकीने टाइप केलं, "नामंजूर. कारणाच्या रकान्यात उखाणा लिहावा."

"अगं, सगळा स्टाफ वाचेल!"

केतकीने नुसतं गिऱ्हाईकाच्या फोनकडे बोट दाखवलं.

शेवटी त्याने लिहिलं, "सर्व्हरच्या दाराला लावलं कुलूप, केतकीचं नाव घेतो, चुकलो खूप."

मंजूर!

मागच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. हेरंब घाईघाईने उखाणा पुसायला गेला. स्क्रीनवर आलं, "ही सोय मालकांनी बंद केली आहे."