सपाट जागा

मुलींचा जिल्ह्याचा हॉकी सामना हसनाबादला ठरला, पण शाळेच्या मैदानावर नवीन खोल्यांसाठी खडी येऊन पडली होती. चार दिवसांत दुसरी जागा दाखवली नाही, तर सामना परतूरला जाणार होता. खेळाच्या साधना मॅडम सरपंच रायभानकाकांना घेऊन गावभर हिंडल्या. बाजारतळाला चढ होता. "हाफटाइमला बाजू बदलतात न्हाई का, मंग बराबर होतं की," काका म्हणाले. गायरानात बाभळी माजल्या होत्या. शेवटी मॅडमना हवं ते सगळं एकाच ठिकाणी मिळालं. सपाट जमीन, नळ, पत्र्याची शेड, तारेचं कुंपण.

"मॅडम, ही स्मशानभूमी हाय. बायामाणसं इकडं येत न्हाईत."

"बरंच आहे. गर्दी होणार नाही."

"आन् त्या दिवशी कुणी गेलं तं?"

"हाफटाइमपर्यंत थांबायला सांगा."

सामन्याला गावातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. शाळेच्या मुली दोन गोलांनी जिंकल्या, तरी टाळ्या काही वाजेनात. मॅडमनी वळून पाहिलं, तर बायका मैदानाकडे पाठ करून शेडमधल्या चितेच्या ओट्याभोवती उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे सत्तरीच्या गोपिकाबाई.

"आजी, खेळ तिकडं होता."

"असू दे, बाई. मालकाला न्हेलं तवा मला दारातूनच मागं फिरवल्तं. कुठं ठिवलं, ते पाहून राह्यले." गोपिकाबाईंनी ओट्यावरून हात फिरवला. "बरी हाय जागा. सावली हाय."