राजाचं वाक्य

"माझी वाक्यं कुठायत?" बाबांनी बसता बसताच विचारलं. रंगमंचावर तीस वर्षं राजाची कामं केलेला माणूस आज पहिल्यांदाच लेकीच्या घरातल्या फाशांच्या खेळात राजा झाला होता.

"बाबा, यात लिहिलेलं काही नसतं. मी प्रसंग सांगणार, पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तर, शत्रूचं सैन्य दारात येऊन ठेपलंय. महाराज, काय करणार?"

बाबा ताडकन उठले. छाती काढली, हात उंचावला आणि सवयीने समोर खेळायला बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तीस वर्षं विंगेत उभी राहून तीच तर त्यांना वाक्यं पुरवत आली होती.

"माझ्याकडे काय बघताय?" फासे खुळखुळवत ती म्हणाली. "ते सैन्य माझंच आहे."