कोपराचं माप

हिवरखेडच्या एका नर्सरीत रोपांच्या पिशव्यांसाठी माती चाळायला तीन बाया होत्या. घरासमोरच वेल्डिंग करणाऱ्या प्रीतमची बायको माधवी त्यांत सगळ्यात ठेंगणी, आणि जाईबाई चांगली उंचपुरी. दिवसभर वाकून चाळणी हलवली की संध्याकाळी माधवीला पोळ्या लाटायलाही बसवत नसे.

म्हणून प्रीतमनं पत्र्याचा ड्रम कापला, त्याला जाळी ठोकली आणि हातानं फिरवायची चाळणी केली. पहिल्या जाळीतून खडे पडले, ती बदलली. दुसरीला ओलसर काळी माती चिकटून बसली, तर आत सायकलची जुनी चेन सोडली. ड्रम फिरला की ती आपटून जाळी मोकळी करायची. शेवटी माधवीला शेजारी उभं करून तिच्या कोपराच्या मापानं हँडल बसवलं.

"आता वाकाचं काम नाही तुले," तो म्हणाला.

सोमवारी ड्रम नर्सरीत गेला. मालकानं स्वतः चार फेरे फिरवून पाहिले, खाली पडलेली माती चिमटीत घेतली आणि म्हणाला, "झकास बनवलं, प्रीतमभाऊ. आता याले एकच बाई पुरते."

मंगळवारी माधवी दुपारच्या आतच घरी आली. डबा तसाच भरलेला होता.

"काहून वं, लवकर आली?"

तिनं डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले, पदराला पुसले.



"ते हँडल चार बोटं वर करून द्या," ती म्हणाली. "जाईबाईले वाकावं लागते."