तीन मिलिमीटर

"हात काढ. दोरी हलतेय," तानियोस म्हणाला.

नझीहने हात काढला. अकरा वर्षांत तानियोसने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, तेही वर न बघता.

झाह्ले गावातल्या तानियोसच्या गॅरेजात नझीहची जुनी दोन आसनी स्पोर्ट्स गाडी सपाट लादीवर उभी होती. दोन्ही अंगांना दोऱ्या ताणलेल्या. तानियोस पोलादी पट्टीने दोरीपासून चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजत होता.

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. परवा घाटातल्या सरावात नझीहची लेक यारा तिसऱ्या वळणावरच्या दगडी कठड्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली होती. रविवारी घाटाची शर्यत. नव्या गॅरेजवाल्यांनी असल्या जुन्या गाडीला हात लावायला नकार दिला. उरला तानियोस. आणि त्याचा मुलगा जाद त्याच शर्यतीत याराविरुद्ध उतरणार होता.

"पोरीचं वजन?"

"चौपन्न किलो."

तेवढ्या वाळूच्या पिशव्या तानियोसने चालकाच्या जागी ठेवल्या. बसणाऱ्याचा भार असल्याशिवाय तो माप घेत नसे. मग छातीवर क्रूसाची खूण करून त्याने पाना उचलला.

"देवाला कशाला राबवतोस?" नझीह म्हणाला.

"माझ्याविरुद्ध तक्रार करून शर्यतीतला माझा पहिला नंबर काढून घेतलास, तेव्हा तू विचारलं होतंस देवाला?"

"तुझी गाडी नियमापेक्षा हलकी होती."

"वजनाचा काटा खोटा होता. आणि तुला ते ठाऊक होतं."

तानियोसच्या बायकोने आणून ठेवलेली कॉफी नझीहने तशीच निवू दिली. ती माउली कप उचलून मुकाट आत गेली.

तानियोस दिवा घेऊन गाडीखाली सरकला. बराच वेळ खालीच होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"ही गाडी तुझ्याआधी कुणाकडे होती?"

"पुराण नकोय मला. काम उरक."

"ऐकून तर घे, नझीह..."

"तुझं ऐकायला आलो नाही मी."

तानियोस पुन्हा गाडीखाली सरकला. तासाभराने त्याने पिशव्या उतरवल्या. "झालं. आता हिला कुणी हात लावायचा नाही."

"धमकी देतोस?"

"काय समजायचं ते समज."

शनिवारी दुपारी यारा आजीकडे गेली होती. नझीहने अंगणात स्वतः दोऱ्या ताणल्या आणि कंपनीचं पुस्तक उघडून बसला. पुस्तकात मागची दोन्ही चाकं अगदी सारखी ठेवायला सांगितली होती. त्याने उजवं मोजलं. डावं मोजलं. पुन्हा मोजलं.

डावं उजव्यापेक्षा तीन मिलिमीटरने वाकडं.

पोराला जिंकवायचं म्हणून माझ्या लेकीच्या जिवावर उठलास, तानियोस? देवाची खूण करून?

त्याने यारापाशी अवाक्षर काढलं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोरीच्या मनात विष कशाला? त्याने बोल्ट सैल केला, डावं चाक उजव्यासारखं केलं, तीनदा पडताळून पाहिलं. मग मेरीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. लेक वाचली.

रविवारी सकाळी गाडी ट्रकवरून थेट सुरुवातीच्या रेघेवर उतरली. याराने बापाचा गाल चुंबला, शिरस्त्राण चढवलं. झेंडा खाली आला आणि गाडी घाटाकडे उसळली.

नझीह मान ताठ करून उभा होता. शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. तानियोस. टोपी हातात घेतलेली.

"चांगली सुटली पोर," तो म्हणाला.

"सुटणारच. तिचा बाप जागा आहे."

तानियोसने टोमणा गिळला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

"तू ऐकून घेतलं नाहीस त्या दिवशी, म्हणून आता सांगतो. आत्ता तरी राग धरू नकोस. गाडीचा सांगाडा जुन्या अपघातात वाकलाय. म्हणून डावं चाक मी मुद्दाम तीन मिलिमीटर वेगळं लावलंय. पुस्तकाप्रमाणे दोन्ही सारखी ठेवली असती ना, तर तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबताच ती कठड्यात गेली असती."