चौथ्या प्लगची खरखर

"काकी, गेली का खरखर?" बिरदेवनं अंगणातून विचारलं.

"अजून हाय," चुलीपुढून साखरबाईंचं उत्तर आलं.

खरं तर नव्हती. त्यांच्या पाटाशेजारच्या रेडिओवर कांद्याचे बाजारभाव अगदी स्वच्छ ऐकू येत होते. साखरबाईंनी पिठाच्या हातानं आवाज बारीक केला आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

बाहेर त्यांच्या नवऱ्याची, मच्छिंद्रआप्पांची, फियाट बॉनेट उघडं ठेवून सुरू होती. कुरकुंभच्या कामगारांना पाळीला सोडायचं आणि परत आणायचं, हा आप्पांचा धंदा. गाडी जुनी, रेडिओ तेवढा नवा बसवलेला. पण त्यात बाजारभाव कमी आणि खरखरच जास्त. ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढायची. मागं बसलेली पोरं विचारायची, "आप्पा, रेडिओत भजी तळताय का?" आप्पांना ते फार लागायचं. म्हणून आज त्यांनी दौंडहून गाड्यांचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बिरदेवला बोलावून घेतलं होतं.

बिरदेवनं आधी एरियल काढून पाहिली, तर खरखर थांबली. म्हणजे ती वायरिंगमधून येत नव्हती. इंजिनाचे चार प्लग ठिणगी टाकत होते आणि एरियल ती खरखर हवेतून ओढून घेत होती. घरातल्या रेडिओलाही तीच बाधा. गाडी बंद करून त्यानं चारी प्लगवर खरखर अडवणाऱ्या नव्या टोप्या चढवल्या. पुन्हा चालू केली, तर गाडीतला रेडिओ एकदम शहाण्यासारखा बोलायला लागला. आप्पा खूश झाले. बिरदेव मात्र बुचकळ्यात पडला.

"गाडीत न्हाई आन् घरात हाय, असं कसं?" तो चपला काढून आत आला आणि त्यानं रेडिओला कान लावला. "काकी, ह्यात तर कायबी न्हाई."

साखरबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "व्हय, गेलीया. थोडी ठिवता यील का रं?"

आप्पा एव्हाना दारात येऊन उभे होते. "ठिवायची? आन् ती कशाला?"

साखरबाई त्यांच्याकडं न बघता तव्याकडं बघत बोलल्या. "रस्त्यानं ट्रॅक्टर जातो, जीपा जात्यात, सगळं डिझेलचं, त्यांची खरखर येत न्हाई. ह्या रेडिओत खरखर उठती ती आपल्याच गाडीची. तुम्ही बोळात वळला की मला कळतं. मंग मी भाकरी टाकते."

आप्पा पाय धुवून आत येईपर्यंत तव्यावर भाकरी फुगलेली असायची, हे त्यांनी गाडीतल्या प्रत्येक पोराला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आमच्या हिला माझी चाहूल आतून लागते, असंही वर जोडलं होतं.

"आन् भाकरीचं ऱ्हाऊ द्या," साखरबाई म्हणाल्या. "तुमचं काम हायवेवरचं. ती खरखर आली का माझा जीव भांड्यात पडतो."

आप्पांना बरं वाटलं. इतकं, की ते लपवायला त्यांना बिरदेवकडं वळावं लागलं.

"बिरदेवा, एक टोपी काढ."

"आप्पा, गाडीत परत खरखर यील. पोरं हसतील."

"हसू दे. दोन-चार भजी तळली तर काय बिघडतंय?"

चौथ्या प्लगची नवी टोपी निघाली आणि जुनी परत बसली. आप्पा गाडी घेऊन वेशीपर्यंत गेले. बिरदेव चहाचा कप घेऊन चुलीजवळ टेकला. रेडिओवर कांदा संपून बटाटा लागला होता. साखरबाई थापलेली भाकरी हातावर घेऊन थांबल्या होत्या.

बटाट्याच्या भावात बारीक खरखर उठली. हळूहळू चढत गेली.

"एकाच प्लगची हाय, काकी," बिरदेव म्हणाला. "आधीच्यापेक्षा कमी यील."

"पुरं हाय तेवढी," म्हणत साखरबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.